नाकाखालचं खातं

बुधवार, तीन डिसेंबर, दुपार. हजर: सिस्टर. मी, त्यांच्या वरच्या मजल्यावरची भाडेकरू. शेजारच्या भाभी. भाभींची बकरी, फाटकाला बांधलेली असल्यामुळे. सात नंबर, बुटाच्या खोक्यात. गैरहजर: सिस्टरचा भाचा, चितेगावच्या कंपनीत शिफ्ट बदलून मिळाली नाही म्हणून.

असं लिहायची मला सवय आहे. वाळूजला एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. तिथं माल उतरला तेव्हा कोण उभं होतं हे लिहून ठेवलं नाही, तर नंतर एक तर सगळेच हजर असतात, नाहीतर कुणीच नसतं.

खड्डा मी खणला. पुंडलिकनगरात घराभोवती माती फारशी राहिलेली नाही. सिस्टरच्या अंगणात शहाबादी फरशी आहे आणि भिंतीकडेला कढीपत्त्याच्या झाडापुरती मातीची एक पट्टी. तीही मुरमाड. कुदळ आपटायची आणि उडून परत यायची. भाभींनी घरातून धुतलेला पांढरा रुमाल आणला होता, तो खोक्यात अंथरला. सात नंबर त्यावर मावला, कारण शेवटच्या दिवसांत त्याचं काही राहिलंच नव्हतं. डावा डोळा बाहेर आलेला, आणि बाकी नुसते केस.

मी झाकण लावायला गेले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "थांब." त्या खाली बसल्या, खोकं मांडीशी ओढलं आणि अंगठ्यानं सशाचा वरचा ओठ उचलून बघितला. बराच वेळ बघितला.

"पुढचे तर सरळ हायेत गं," त्या म्हणाल्या. "एकदम सरळ."

"बंद करो आपा," भाभी म्हणाल्या. "मिट्टी ठंडी हो गई."

मी झाकण लावलं. माती ढकलली. वर एक फरशीचा तुकडा ठेवला, गल्लीतली कुत्री उकरतात म्हणून. काम संपलं. सिस्टर मात्र तिथंच बसून राहिल्या, अंगठा तसाच उचललेला.

सिस्टर सरकारी दवाखान्याच्या डोळ्यांच्या वॉर्डात सगळी नोकरी काढून निवृत्त झालेल्या. त्यांचं नाव फाटकावरच्या पाटीवर आहे, पण त्या नावानं कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. भाभी त्यांना 'सिस्टर आपा' म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, भाभी, दोन्हीचा अर्थ एकच होतो. भाभी म्हणाल्या, "तो क्या हुआ ताई, डबल बहन है वो."

खोली बघायला मी आले, तेव्हा फाटकातच माझे प्रश्न सुरू केले होते. पाणी किती दिवसांआड येतं, टाकी केवढी, मीटर वेगळं का, स्कूटी कुठं लावायची. सिस्टर ओट्यावरून उठल्या, माझी हनुवटी धरली, अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढली आणि म्हणाल्या, "वर बघ."

मी वर बघितलं.

"रक्त कमी हाय. पालक खात जा. खोली वर हाय, बघून ये."

टाकी मोठी होती. मी खोली घेतली.

'वर बघ' हा त्यांचा नमस्कार होता. मोठ्या माणसांना 'वर बघा'. गॅसवाला सिलेंडर खाली ठेवायचा आणि न सांगता मान मागं टाकायचा. त्याच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू त्याच्या आधी सिस्टरला कळला होता. त्याचं ऑपरेशन झालं, चष्मा सुटला, आणि तेव्हापासून आमच्या फाटकात सिलेंडर कधी उशिरा आलं नाही. भाच्याला मुलगी बघायला गेल्या, तेव्हा पोह्यांची बशी घेऊन आलेल्या मुलीला त्यांनी सगळ्यांदेखत 'वर बघ' म्हटलं. मुलगी घाबरली, तिची आई जास्त घाबरली. सिस्टर म्हणाल्या, "डोळे स्वच्छ हायेत. माझं काम झालं. सैपाक, शिक्षण, ते तुमचं तुम्ही बघा." लग्न झालं. ती सून पुढं कितीतरी दिवस त्यांच्यासमोर यायची ती डोळे खाली घालून, आणि लोकांना वाटायचं किती वळण आहे पोरीला.

धुळवडीला त्या फाटकात खुर्ची टाकून बसत. बाजूला उकळून गार केलेल्या पाण्याचं पातेलं, वर स्वच्छ फडकं, वाटीत कापसाचे बोळे. गल्लीतली रंगानं लाल-जांभळी झालेली माणसं एकेक करून त्यांच्या पुढ्यात वाकत. चोळायचं नाही, चोळलं की फटका, हा नियम. दारू प्यालेलाही तिथं शहाण्यासारखा वाकायचा.

त्यांचं दुसरं एक वाक्य होतं. भाभी संध्याकाळी भिंतीशी येऊन गल्लीच्या बातम्या सांगायच्या. कुणाची सून चोरून खाते, कुणी कुणाला काय बोललं, कुणाच्या घरात अबोला आहे. सिस्टर सगळं ऐकून घ्यायच्या आणि शेवटी म्हणायच्या, "नाकाखालचं आमचं खातं नाय."

म्हणजे खाणं, बोलणं, तोंडानं होणारं जे काही आहे ते दुसऱ्या विभागाचं. वॉर्डातलीच सवय ती. पेशंट म्हणायचा, सिस्टर, दाढ दुखते. सिस्टर म्हणायच्या, "त्याची खिडकी वेगळी हाय बाबा, खाली तळमजल्यावर." एकदा माझीच दाढ सुजली. गालाला रुमाल धरून मी जिन्यावरून उतरत होते. त्यांनी माझे दोन्ही डोळे तपासले, "डोळे चांगले हायेत," म्हणाल्या आणि आत गेल्या.

त्यांच्या स्वतःच्या नाकाखालीही त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. दात एकेक करून गेले. कवळी केली होती, पण ती स्टीलच्या पेल्यात खिडकीत असायची. "पाहुण्यांसाठी हाय," त्या म्हणायच्या. पाहुण्यांसमोरही ती कधी बाहेर आली नाही. वर्षातून एकदा, नोव्हेंबरात, पेन्शनचा हयातीचा दाखला माझ्या मोबाईलवर काढायचा, तेव्हा कवळी लागायची. फोटोत चेहरा बसका येतो म्हणून. मोबाईलमधून सूचना आली, डोळ्यांची उघडझाप करा. सिस्टर इतक्या खूश झाल्या. "बघ पोरी! सरकारलाबी शेवटी डोळाच लागतो. दात हायेत का कुणी विचारलं?"

कवळी नाही म्हणून चावणं नाही. भाकरी कुस्करून दुधात, नाहीतर पातळ वरणात. पोळी असली तर ती वाफेवर ठेवून लोण्यासारखी करायची. ह्या एका गोष्टीत त्यांची तयारी होती. पेरू उकडून खाणारं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही.

आणि त्याच ताटात ससा जेवायचा.

निवृत्तीनंतर पहिला ससा आला तो कुणीतरी नको झाला म्हणून फाटकाशी आणून ठेवलेला. पांढराशुभ्र, डोळे लाल. सिस्टरनी निदान केलं: डोळे आलेत. त्याला वेगळं ठेवलं, हात धुऊन धुऊन औषध घातलं, गल्लीतल्या पोरांना जवळ येऊ दिलं नाही. आठवडाभरानं भाभी भिंतीवरून वाकून बघत म्हणाल्या, "आपा, ये सफेदवाले सब ऐसेच रहते. इसकी माँ कू बी लाल, बाप कू बी लाल." सिस्टर स्वतःवर एवढ्या हसल्या की डोळ्याला पदर लावावा लागला. ही गोष्ट त्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायच्या. डोळ्यांबाबत आयुष्यात झालेली एकुलती एक चूक म्हणून सांगायच्या.

सशांना त्यांनी नावं ठेवली नाहीत. वॉर्डातल्या कॉटसारखे नंबर. "नाव ठेवलं की रडू येतं. नंबर असला की डिस्चार्ज देता येतो." ससा गेला की त्या भाच्याला फोन करून सांगायच्या, पाच नंबर डिस्चार्ज झाला. मी राहायला आले तेव्हा सहा नंबर म्हातारा झालेला होता आणि सात नंबर नुकता आलेला. काळा-पांढरा, एका कानावर दुधाचा डाग पडावा तसा ठिपका. सात नंबरची कॉट त्यांच्या वॉर्डात खिडकीपाशी होती. तिथल्या पेशंटला पट्टी सुटल्याबरोबर आधी झाड दिसायचं, आणि तो लवकर घरी जायचा. म्हणून हा ससा त्यांचा लाडका.

सकाळी त्या ओट्यावर ताट घेऊन बसायच्या. एक घास स्वतः, एक त्याला. भाभींची बकरी फाटकाशी हिरवा घास खात असायची, जनावराचा घास. त्यातली काडी वाऱ्यानं अंगणात आली की सात नंबर तुरुतुरु तिच्याकडे जायचा. सिस्टर त्याच्या तोंडातून ती काढून घ्यायच्या.

"टोचंल तुला, राजा."

"खाने दो ना आपा उसकू. मेरी बकरी कितना खाती देखो."

"तुझी बकरी बकरी हाय. ह्याचं तोंड बघ केवढंसं. ह्याला मऊच लागतं." मग ताटातली भाकरी आणखी कुस्करायच्या. "आम्ही दोघं बोळके."

गणपतीच्या सुमारास सात नंबरचा डावा डोळा गळायला लागला. नुसतं पाणी. त्याच्या गालावरचे केस ओले राहायचे, पुढचे पंजेही, कारण तो सारखं तोंड पुसायचा. सिस्टर ह्या कामाला ज्या उत्साहानं लागल्या, तो मी त्यांच्यात त्याआधी बघितला नव्हता. डोळ्याच्या कोपऱ्याशी, नाकाच्या बाजूला, बोटानं हलकं दाबून बघितलं. कोपऱ्यातून पांढरट थेंब वर आला.

"लासरू," त्या म्हणाल्या. "डोळ्यातून नाकात पाणी उतरायची नळी असती बघ, ती तुंबली. ह्या दहा बोटांनी बरे केलेत मी असले पेशंट."

त्यांच्याकडे फ्रिज नाही. डोळ्यात घालायच्या औषधाची बाटली माझ्या फ्रिजच्या दारात असायची, लिंबाच्या लोणच्याशेजारी. बाटली उघडल्याची तारीख त्यांनी चिकटपट्टीवर बारीक अक्षरात घातलेली. "उघडल्यावर महिन्यानं टाकायची. थेंब उरला असला तरी टाकायची. जुन्या बाटलीनं डोळे गेलेले बघितलेत मी." सकाळ-संध्याकाळ खालून हाक यायची, "पोरी, थेंब!" आणि मी बाटली घेऊन उतरायचे.

त्या थेंब कसा घालायच्या हे एकदा बघायला पाहिजे होतं कुणीतरी. हात कोपरापर्यंत धुतलेले. ससा टॉवेलात बाळासारखा गुंडाळलेला. "वर बघ, राजा." सशाला काय कळणार, पण त्यांच्या आवाजानं तो स्थिर व्हायचा. पापणी खाली, थेंब आत, बाटलीचं तोंड केसालाही लागायचं नाही. मग कोपऱ्यावर बोट, मनातल्या मनात एक प्रार्थना पूर्ण होईपर्यंत. कारखान्यात एवढं नीट काम करणारं माणूस मला मिळालं असतं तर मी त्याला सोडलं नसतं.

डोळा बरा व्हायचा. आठवडा गेला की परत गळायचा. परत थेंब. नवी बाटली, नवी तारीख.

दसऱ्याच्या आसपास मी म्हटलं, "सिस्टर, जनावरांच्या डॉक्टरला दाखवू या का?"

"डोळ्याचं? मला?" एवढंच म्हणाल्या.

मी आणखी दोनदा म्हटलं. तो खातो कमी, हे मला दिसत होतं. हनुवटीखालीही ओलं असायचं. सिस्टर म्हणाल्या, पाणी पिताना वाटीत तोंड बुडवतो. तोंडात घेतलेली भाकरी तो परत खाली पाडायचा. सिस्टर आणखी बारीक कुस्करायच्या. मग दूध वाढवलं. मग भाकरी गाळणीतून काढायला लागल्या.

दिवाळीनंतर डोळा पुढं आला. बाहेर ढकलल्यासारखा. त्या दिवशी त्यांनीच मला खालून हाक मारली, आणि हाकेत 'थेंब' नव्हता. "पोरी, तुझ्या त्या यादीत जनावराचा डॉक्टर हाय का कुणी?"

माझी प्रत्येक कामाची यादी असते; डॉक्टरांचीही केली आणि फोन लावले. एक म्हणाले, ससा? आम्ही कुत्रं-मांजर बघतो. एकांनी विचारलं, वजन किती, आणि ऐकून हसले. सरकारी ठिकाणी सांगितलं, या, पण इथं म्हशींची रांग आहे. शेवटी एक तरुण डॉक्टर बाई मिळाली. ती म्हणाली, ससा मी बघते, आजच आणा.

सिस्टर तयार होऊन बाहेर आल्या तेव्हा मी दोन पावलं मागं सरले. पांढरी इस्त्रीची साडी. छातीशी टाचणीनं लावलेलं उलटं घड्याळ. आणि तोंडात कवळी. डॉक्टरसमोर जायचं म्हणून. रिक्षात त्यांनी सात नंबरला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं आणि त्या मनाशी काहीतरी पाठ करत होत्या.

ते मला दवाखान्यात कळलं. टेबलाशी उभ्या राहून त्यांनी वॉर्डात ड्युटी बदलताना देतात तसा पेशंट दिला. "सात नंबर. डावा डोळा. गणपतीपासून पाणी, मग पू. कोपऱ्यावर दाबल्यावर वर येतो. बुबुळ परवापर्यंत स्वच्छ होतं. औषध दिवसातून दोनदा, एकही वेळ चुकलेली नाय." डॉक्टर बाईनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "एवढी चांगली काळजी मी कुठंच बघितली नाही, मावशी."

मग तिनं विचारलं, "दात कधी बघितले होते?"

"दात?"

"मागचे. दाढा."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं.

डॉक्टर बाईनं एक बारीक नळीसारखं यंत्र त्याच्या तोंडाच्या कडेनं आत घातलं, उजेड लावला, आणि आत बघितलं. क्ष-किरणाचा फोटो काढला. तो संगणकाच्या पडद्यावर आला तशी सिस्टर पुढं झाल्या. त्यांच्या उमेदीत हे फोटो खिडकीला धरून बघत. त्यांनी सवयीनं पडद्याच्या मागं उजेड कुठं आहे ते बघितलं.

"सशाचे दात आयुष्यभर वाढतात," डॉक्टर बाई सांगत होती. "सगळे. गवत, वाळलेला चारा दिवसभर चघळला की ते झिजतात. झिजले नाहीत तर वर टोकं येतात, जिभेला, गालाला लागतात, आणि खाली मुळं मागं सरकत जातात. वरच्या दातांची मुळं इथं, डोळ्याच्या नळीपाशी. बघा. नळी दाबली गेली म्हणून पाणी. आता मुळाशी पू झालाय, डोळ्याच्या मागं. त्यानं डोळा पुढं ढकललाय."

"नळी तुंबली होती," सिस्टर म्हणाल्या.

"हो. ते तुमचं बरोबर होतं."

"पण पाणी डोळ्यातनं यायलं होतं."

"हो मावशी. पण दुखत तोंडात होतं."

"किती दिवस?"

डॉक्टर बाईनं यंत्र ट्रेमध्ये ठेवलं. तिनं विचारलं, "काय खायला देता?"

"दूध-भाकरी. माझ्याच ताटातली." कवळीमुळे त्यांचे शब्द फार स्पष्ट येत होते. "लई मऊ करून देते."

बाहेर एक कुत्रं भुंकत होतं. डॉक्टर बाईनं सशाच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचं सांगितलं. भूल द्यावी लागेल. मागचे दात काढावे लागतील, आणि हा डोळाही. इतका हडकलेला ससा भुलेतून उठेल याची खात्री देता येत नाही. गुरुवारी करू या. तोपर्यंत थोडी ताकद यायला हवी. चावणं त्याच्यानं होणार नाही, तेव्हा सगळं दळून, पातळ करून पिचकारीनं द्या.

"म्हणजे आता मऊच द्यायचं?"

"आता मऊच."

सिस्टर हसल्या. मला ते हसू परत बघायचं नाही.

परतीच्या रिक्षात त्यांनी कवळी काढली आणि मुठीत धरली. पेला नव्हता, रुमाल होता, पण रुमालात ठेवली नाही. घर येईपर्यंत मूठ तशीच. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "पाच नंबरचाबी डोळा गळायचा."

मी टॉवेलाचं टोक सशावर ओढलं.

"सहाचाबी. मी म्हणायचे, म्हातारा झाला, डोळा गळतोच." मग, "चारला घास खाली पडायचा. मी म्हणायचे, नखरे हायेत ह्याचे."

"सिस्टर, राहू द्या."

"एकाबी पेशंटचं तोंड उघडून बघितलं नाय गं मी."

घरी आल्यावर त्यांनी भाभींच्या बकरीच्या पुढ्यातून घासाच्या चार काड्या मागून आणल्या. डॉक्टरनी नको म्हटलंय हे मी सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. त्यांनी काडी सात नंबरच्या नाकाशी धरली. तो लगेच पुढं आला. काडी तोंडात घेतली, दोनदा जबडा हलवला, आणि काडी पडली. परत घेतली. परत पडली. त्याला ती हवी होती. सिस्टर ओट्यावर बसून बघत राहिल्या. भाभी भिंतीपलीकडून म्हणाल्या, "बस करो आपा, बस करो," आणि स्वतःच आत निघून गेल्या.

बुधवारी दुपारी, मी रजेवरच होते, तो गेला. गुरुवारच्या तयारीची यादी मी केलेली होती: रिक्षा सांगणे, टॉवेल दोन, भाच्याला कळवणे. फक्त भाच्याला कळवायचं काम उपयोगी पडलं. फोन सिस्टरनी घेतला. मला वाटलं, त्या म्हणतील, सात नंबर डिस्चार्ज झाला. त्या म्हणाल्या, "ससा मेला," आणि फोन माझ्या हातात दिला.

त्यानंतर 'वर बघा' बंद झालं. गॅसवाल्यानं सवयीनं मान मागं टाकली, तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "दवाखान्यात दाखव." तो तसाच उभा राहिला, मान वर करून, आपलं काय चुकलं म्हणून. माझ्याकडे बघून त्यानं खुणेनं विचारलं. मी सही करून पावती घेतली. समोरच्या घरातली बाई डोळ्यात तिखट उडालं म्हणून ओरडत आली. सिस्टरनी दाराआडून सांगितलं, नळाखाली धर. ते बरोबरच होतं, पण त्या बाहेर आल्या नाहीत. भाभींनी खीर आणली, ती वाटी तशीच परत गेली. मऊ काही त्या खाईनात. कवळी घालून भाकरीचे कोरडे तुकडे चावायच्या, हिरड्या सोलून निघाल्या तरी. मी म्हटलं, सिस्टर, भिजवून घ्या. त्यांनी मान हलवली आणि चावत राहिल्या.

मी काय करू शकते त्याच्या याद्या केल्या. फिरायला नेणे. दुसरा ससा. ह्याचं नाव काढलं तर त्या उठून आत गेल्या. डोळ्यांच्या शिबिरात मदतीला बोलावणं आणलं, ते त्यांनी दारातूनच परत पाठवलं. मी लिहायचे आणि खोडायचे. शेवटी कागदावर खोडलेलंच राहिलं.

भाचा त्यांना चितेगावला न्यायला आला. चांगला मुलगा आहे, त्याची बायकोही चांगली आहे. ती पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आत्या, मला बघा ना, माझे डोळे कसे हायेत." सिस्टरनी तिच्या गालावर हात ठेवला फक्त.

मग माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, निघताना तरी म्हणतील. मी स्वतःच हनुवटी पुढं केली.

"तोंड उघड," त्या म्हणाल्या.

मी उघडलं. त्यांनी भाच्याचा मोबाईल मागितला, त्याचा उजेड लावला आणि माझ्या तोंडात बघितलं. एका हातानं जबडा धरून, खाली वाकून, आधी डावीकडे, मग उजवीकडे. रिक्षावाला घाई करत होता. भाभी भिंतीशी तोंडाला पदर लावून उभ्या होत्या. माझा जबडा दुखायला लागला तरी मी मिटला नाही.

त्यांनी उजेड बंद केला.

"मला ह्यातलं काहीच कळत नाय गं," त्या म्हणाल्या, आणि रिक्षात जाऊन बसल्या.

मागं राहिलेली कामं मी केली. खोलीची किल्ली माझ्याकडे. पिंजरा भाभींनी कोंबड्यांसाठी नेला. डॉक्टर बाईनं सांगितलेलं वाळलेलं गवत मी ऑपरेशननंतरसाठी पोतंभर मागवलं होतं, ते उशिरा आलं, बकरीनं संपवलं. कवळीचा पेला खिडकीत राहिला होता, तो भाच्याच्या हाती पाठवला. कढीपत्त्याखालची फरशी हलली होती, ती बसवली. मी चितेगावला एकदा जाऊन आले. सिस्टर अंगणात बसलेल्या होत्या. जेवलात का, मी विचारलं. हो म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

एक काम राहिलंय. माझ्या फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी ती बाटली आहे. चिकटपट्टीवर त्यांच्या बारीक अक्षरातली तारीख, आणि महिना केव्हाच उलटून गेलाय. थेंब उरला असला तरी टाकायची, हा त्यांचाच नियम. दर रविवारी मी आठवड्याची यादी करते आणि सगळ्यात वर लिहिते: बाटली टाकणे. दर शनिवारी ते तेवढं खोडायचं राहतं.